‘मराठी’ हा शब्द उलटा करा

मगरीबची नमाज झाली होती. गॅसवर डाळ शिजत होती आणि माझी लेक माझ्यासमोर स्टुलावर पाठ ताठ करून बसली होती. माझ्या हातात तिनंच लिहून दिलेले पंचवीस प्रश्न होते. “अम्मी, तुमे खाली पूछो. समझना जरूरी नै,” ती म्हणाली.

मी पहिला प्रश्न वाचला. ॲरे आणि लिंक्ड लिस्ट यांत फरक काय? तिनं एका दमात, इंग्रजीत, दोन मिनिटांत उत्तर संपवलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडं पाहिलं. मी अठरा वर्षं वर्गात उभी आहे. पाठ केलेलं उत्तर कसं वाजतं ते मला कळतं, मग ते शेराचा अर्थ असो, अभंगाचा असो की लिंक्ड लिस्टचा. मी म्हटलं, “छान. आता हेच मला समजेल असं सांग.”

ती गप्प झाली. डाळ उतू जायची वेळ आली तरी गप्पच.

आमच्या तयारीची सुरुवात अशी झाली. धाराशिव जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणारी मी, बी.एड.वाली बाई, आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या टेक्निकल इंटरव्ह्यूला निघालेली माझी पोरगी. मला कोडिंगमधलं काही येत नाही. तरीही दीड महिना मी तिची परीक्षक झाले. त्यातून जे शिकले ते इथं लिहिते आहे, कारण असे फोन आता मला इतर आयांचेही यायला लागले आहेत.

आधी थोडं मागचं. लेक दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. मग कॉम्प्युटरचा डिप्लोमा, तिथून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमाच्या पहिल्या सहामाहीत तिला ‘समीकरण’ही नवं होतं आणि ‘इक्वेशन’ही, कारण तिच्या डोक्यात ते ‘मुसावात’ म्हणून बसलेलं होतं. एकेक शब्द तीनदा शिकत ती वर आली. मार्क चांगले पडले. ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट पास झाली. आणि पहिल्याच टेक्निकल राउंडला गप्प बसली.

तो दिवस मला लख्ख आठवतो. बाहेरच्या खोलीत मागं स्वच्छ चादर टांगली होती. तिच्या अब्बूंनी शेजारच्या आपल्या गॅरेजमधला कॉम्प्रेसर बंद ठेवला होता. वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर चार्ज करून घेतला होता. मी दाराआड तसबीह घेऊन उभी. समोरच्या माणसानं विचारलं, एक स्ट्रिंग उलटी करून दाखवा. म्हणजे अक्षरांची एक माळ द्यायची आणि ती शेवटून पहिल्यापर्यंत फिरवायची. कॉलेजात पहिल्या महिन्यात करतात असलं काम. तिला ते झोपेतही आलं असतं. पण तिच्या तोंडून शब्द निघेना. समोरून दोनदा सांगितलं गेलं की सावकाश, वेळ घ्या, काय विचार चाललाय तो मोठ्यानं बोला. आणि तेच तिला जमत नव्हतं. थोड्या वेळानं स्क्रीन बंद झाली. रात्री ती जेवली नाही.

मला राग तिचा आला नाही. ती गप्प मी ओळखत होते. ती माझ्याकडूनच तिच्याकडं गेली होती.

साधारण वीस वर्षांपूर्वी, बी.एड.चा निकाल हातात आल्यावर, मी आमच्याच भागातल्या एका खासगी संस्थेत मराठीच्या शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहून आता काही साधायचं नाही. टेबलापलीकडं चौघं बसले होते. माझा अर्ज पाहून एकानं हसत विचारलं, “तुम्ही मराठी शिकवणार?” दुसऱ्यानं विचारलं, “जोडाक्षर म्हणजे काय, सांगता येईल?” मी बी.ए.ला मराठी घेतलेली. जोडाक्षरावर तासभर बोलू शकले असते. पण पहिल्या प्रश्नातला तो ‘तुम्ही’ असा काही घशात अडकला, की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाहेरच येईना. मी खाली बघत राहिले. शेवटी, नोकरी लागलीच तर संस्थेच्या इमारतीला हातभार किती लावाल, असंही कुणीतरी विचारलं. त्याचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं.

त्या पहिल्या प्रश्नाला काय म्हणायला हवं होतं, ते मला फार उशिरा सुचलं. म्हणायचं होतं की श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. आपल्या शेजारच्या बार्शीचे शाहीर अमर शेख डफ घेऊन उभे राहिले तेव्हा महाराष्ट्र मराठीतच पेटला. सोलापुरात 1990 साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. माहीत असणं आणि चार परक्या माणसांसमोर ते तोंडातून निघणं, यांत मोठं अंतर असतं. मुलाखतीची तयारी म्हणजे ते अंतर कापणं. बाकी अभ्यास कॉलेजनं करून घेतलेलाच असतो.

हे कळल्यावर मी लेकीला म्हटलं, तुझी पुस्तकं बाजूला ठेव, माझी बी.एड.ची वही काढ.

बी.एड. केलेल्यांना सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ही पद्धत निघाली आणि पुढं आपल्याकडच्या प्रत्येक बी.एड. कॉलेजात रुजली. तिचं भारतीय वेळापत्रक ठरलेलं आहे. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं चुका ऐकायच्या, बारा मिनिटं पुन्हा आखणी करायची, सहा मिनिटं तेच पुन्हा शिकवायचं आणि सहा मिनिटं पुन्हा ऐकून घ्यायचं. एकूण छत्तीस मिनिटं. एका वेळी एकच कौशल्य: प्रश्न विचारणं, उदाहरण देणं किंवा फलकलेखन. आम्ही तेव्हा कंटाळायचो. वर्गमैत्रिणींना विद्यार्थी समजून शिकवताना हसू यायचं. तीच वही माझ्या पोरीच्या कामाला आली.

रोज मगरीबनंतर छत्तीस मिनिटं. एक प्रश्न, एक कौशल्य. पहिला आठवडा फक्त एकाच गोष्टीचा: विचार करताना तोंड बंद ठेवायचं नाही. चुकलं तरी चालेल, मराठीत आलं तरी चालेल, घरच्या दखनीत आलं तरी चालेल, पण आवाज थांबता कामा नये. “अब मैं ये देखरी, इसके बाद वो देखूंगी,” असं. दुसऱ्या आठवड्यात तेच इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि सहा मिनिटं दोघींनी ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकायला तिला पहिले तीन दिवस लाज वाटली. चौथ्या दिवशी तीच माझ्या आधी चुका दाखवू लागली.

आणि माझी एकच अट: मला समजलं पाहिजे.

या अटीमुळं आमच्या घरातल्या वस्तू कामाला लागल्या. स्टॅक म्हणजे काय? लग्नाच्या दावतीत रचून ठेवलेल्या ताटल्या. शेवटी ठेवलेली आधी उचलली जाते. क्यू म्हणजे रेशन दुकानाची रांग. आधी आलेला आधी सुटतो, निदान सुटायला हवा. लूप म्हणजे नमाजनंतरची तसबीह. सुभानल्लाह 33 वेळा, अल्हम्दुलिल्लाह 33 वेळा, अल्लाहु अकबर 34 वेळा. तिसरा फेरा एकानं जास्त आहे हे जो विसरला, त्याचं गणित 99 वर अडकतं. ती हसून म्हणाली, “अम्मी, प्रोग्रामिंगमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. एकानं कमी, नाहीतर एकानं जास्त.”

बायनरी सर्चला मी आमचा जाडजूड फिरोज-उल-लुगात कपाटातून काढला. शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. मधलं पान उघडतो, शब्द पुढं आहे की मागं ते बघतो आणि अर्धा कोश सोडून देतो. उरलेल्याचं पुन्हा तेच. हजार पानांचा कोश असेल तर दहा वेळा उघडून हवं ते पान सापडतंच, कारण एकाची दहादा दुप्पट केली की 1024 होतात. दहा लाख पानं असती तरी वीस वेळा पुरे. हे ऐकून मी थक्क झाले. मुलांना कोश बघायला शिकवताना मी हेच करत होते, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं.

पण मी मास्तरीण. शंका काढलीच. म्हटलं, हे जमायला कोशाचा क्रम आधी ठाऊक हवा ना? मुळाक्षरांच्या तक्त्यात ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अगदी शेवटी असतात. म्हणून माझी मुलं मराठी शब्दकोशात ‘क्षमा’ शेवटच्या पानांवर शोधतात. तिथं ती सापडत नाही, कारण बहुतेक कोशांत ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात आणि ‘ज्ञ’ हा ‘ज’च्या पोटात असतो. लेक विचारात पडली. मग म्हणाली, “बरोबर. बायनरी सर्चची पहिली अट हीच की यादी क्रमानं लावलेली हवी, आणि क्रम कुठला ते दोघांनाही माहीत हवं.” ही अट तिनं पुस्तकात दहादा वाचली होती. त्या दिवशी ती तिची झाली.

तिच्या अब्बूंचाही एक धडा झाला. प्रश्न होता: वेबसाइट अचानक हळू झाली तर तुम्ही काय कराल? लेक लगेच उत्तरं फेकू लागली, सर्व्हर वाढवू, डेटाबेस बदलू. दारात हात पुसत उभे असलेले तिचे अब्बू म्हणाले, “गाडी बंद पडलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी विचारतो, कधीपासून? आणि त्याच्या आदल्या दिवशी काय केलं होतं? निम्म्या वेळा तिथंच कळतं. मग पेट्रोल येतंय का बघायचं, मग प्लगला स्पार्क आहे का. एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशानं सुरू झाली तेच कळत नाही.” सातवी शिकलेल्या माणसाचं हे बोलणं लेकीनं जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं.

डेटाबेसचा एक प्रश्न या मुलाखतींत फार विचारतात: कर्मचाऱ्यांच्या यादीतून दुसऱ्या क्रमांकाचा पगार शोधा. मी म्हटलं, वर्गातला दुसरा नंबर काढणं काय अवघड? ती म्हणाली, “दोघींचा पहिला नंबर आला तर?” मी थांबले. खरंच, दोघींना 92 आणि तिसरीला 90 असतील तर तिसरीला दुसरी म्हणायचं की तिसरी? आमच्या शाळेत यावरून पालकांची भांडणं झालेली आहेत. म्हणून उत्तर लिहायच्या आधी समोरच्यालाच विचारायचं, सारखे पगार असतील तर कसं धरू? मुलाखतीत उलट प्रश्न विचारणं हा उद्धटपणा नाही, ती तयारीची खूण आहे, हे आम्हा दोघींना तेव्हा समजलं. आमच्या पोरींना लहानपणापासून आपण शिकवतो की मोठ्यांना उलटून बोलू नये. इथं तीच सवय आड येते.

आणि मग तो प्रश्न आला, ज्याला ती अडकली होती. स्ट्रिंग उलटी करा.

तिनं कॉम्प्युटरवर मला करून दाखवलं. इंग्रजी शब्द टाकला, उलटा होऊन आला. मी म्हटलं, “मराठी शब्द टाक की. ‘मराठी’च टाक.” तिनं टाकला. पडद्यावर जे आलं ते बघून मी मोठ्यानं हसले. सुरुवातीला एकटीच लोंबणारी वेलांटी, मग ‘ठा’, मग ‘र’, मग ‘म’. पहिलीतलं पोर काना-वेलांटी शिकताना जे करतं, अगदी तेच.

हे असं का होतं, ते शोधण्यात तिचा पुढचा सगळा दिवस गेला. संध्याकाळी तिनं मला समजावलं. आपल्याला ‘मराठी’त तीन अक्षरं दिसतात: म, रा, ठी. कॉम्प्युटरला तीन दिसत नाहीत, पाच दिसतात. युनिकोड या जगभरच्या पद्धतीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला आपापला आकडा आहे. म 2350, र 2352, काना 2366, ठ 2336, वेलांटी 2368. आकडे उलटे लावले की काना ‘र’ला सोडून ‘ठ’ला चिकटतो आणि वेलांटीला धरायला कुणीच उरत नाही. नीट उलटं करायचं असेल तर आधी मात्रा आपापल्या अक्षराला बांधून घ्यायच्या आणि मग फिरवायचं. तेव्हा कुठं ‘ठीराम’ येतं. जोडाक्षर असेल तर आणखी जपायचं, कारण तिथं मधे हलन्तही एक आकडा घेऊन बसलेला असतो.

जोडाक्षर म्हणजे काय, सांगता येईल? वीस वर्षांपूर्वीचा तो प्रश्न माझ्या स्वयंपाकघरात असा परत आला.

मी विचारलं, “आणि उर्दू?” लहानपणी गल्लीतली मुलं आम्हाला म्हणायची, तुमचं सगळं उलटं, तुम्ही लिहितासुद्धा उलटं. लेकीनं ‘किताब’ शब्द उर्दूत टाईप केला आणि त्यामागचे आकडे दाखवले. पहिला काफ, मग ते, मग अलिफ, मग बे. ज्या क्रमानं बोलतो त्याच क्रमानं. कॉम्प्युटरच्या पोटात उर्दू उलटी नसते आणि मराठी सुलटी नसते. पहिलं अक्षर पहिलं, दुसरं दुसरं. उजवीकडून दाखवायचं की डावीकडून, हे फक्त पडद्यावर ठरतं. अक्षराचा आकार सुरुवातीला, मधे आणि शेवटी बदलतो, पण त्याचा आकडा बदलत नाही. मी बराच वेळ त्या पडद्याकडं बघत बसले.

या सगळ्यात एक मोह मला टाळावा लागला. आपल्याकडं अशा वेळी व्हॉट्सॲपवर लगेच अल-ख्वारिझ्मी येतात. ‘अल्गोरिदम’ हा शब्द त्यांच्या नावावरून आला हे खरं आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये खलिफा अल-मामूनच्या काळात त्यांनी ‘अल-जब्र’वर जो ग्रंथ लिहिला, त्यावरून ‘अल्जिब्रा’ आला, हेही खरं. मला त्यांच्या ग्रंथातली एक गोष्ट जास्त आवडते. त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीची गणितं सोडवतो, म्हणजे लोकांच्या घरातली रोजची अडचण. पण पूर्वजांच्या नावावर मुलाखत पास होत नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात एक ओळ आहे, की देशातल्या नामांकित कॉलेजांत पदवी घेणाऱ्या पंचवीस विद्यार्थ्यांत एकच मुस्लिम असतो. अल-ख्वारिझ्मींचा मेसेज पुढं पाठवणाऱ्या बोटांनी ती ओळही पाठवावी. आणि दहावीनंतर घरी बसवलेल्या आपल्या पुतणीचं, भाचीचं काय झालं तेही विचारावं.

शेवटच्या आठवड्यात आम्ही अवघड प्रश्नांकडं वळलो. म्हणजे कोडिंग नसलेल्या.

‘स्वतःबद्दल सांगा’ यात गावाचं नाव काय सांगायचं? तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर उस्मानाबाद आहे. 2023 पासून सरकारी कागदावर धाराशिव आहे. घरात अजून दोन्ही चालतं. नानी एक म्हणते, एसटीची पाटी दुसरं. लेकीनं ठरवलं, नव्या कागदावर जे आहे ते सांगायचं, आणि जुन्या सर्टिफिकेटवरून कुणी विचारलंच तर एका वाक्यात नामांतर सांगून पुढं जायचं. मला तिची ही सरळ वाट आवडली.

ओढणी डोक्यावर ठेवायची का, हा प्रश्न आमच्या घरात नव्हता, पण नात्यात होता. एक जण म्हणाल्या, काढून जा, नाहीतर घेणार नाहीत. दुसऱ्या म्हणाल्या, पुण्यात आपल्या नावावर खोली कोण देणार? मी लेकीलाच विचारलं. ती म्हणाली, “रोज जशी असते तशीच जाईन. नाहीतर अर्धं लक्ष तिकडंच राहील.” खोलीचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडं आजही उत्तर नाही.

आणि ‘माहीत नाही’ म्हणायचा सराव. हा आम्ही मुद्दाम केला. मी तिला येत नसलेलं काहीतरी विचारायची. थाप मारली की मार्क कापायची, गप्प बसली तर जास्त कापायची. इमाम मालिक यांच्याबद्दल सांगतात, की दूरवरून लोक मसले घेऊन यायचे आणि इमामसाहेब त्यातल्या बऱ्याच प्रश्नांना ‘ला अद्री’, मला माहीत नाही, असं म्हणून मोकळे व्हायचे. एवढ्या मोठ्या आलिमला ज्याची लाज वाटली नाही, त्याची वीस-बावीस वर्षांच्या पोरीनं का बाळगावी? फक्त त्याच्या पुढं एक वाक्य जोडायचं: “हे मला माहीत नाही, पण शोधायचं झालं तर मी इथून सुरुवात करेन.”

दुसरी मुलाखत पुण्यात, समोरासमोर होती. रात्रीच्या एसटीनं निघालो. बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून लेकीसोबत मीही, नाहीतर तिच्या अब्बूंनी मला हिशेब दाखवला असता. हिंजवडीच्या त्या काचेच्या इमारतीच्या फाटकावर मला अडवलं, जे बरोबरच होतं. समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. तिथं माझ्यासारखेच आणखी तिघं-चौघं पालक होते. एक बाप बीडकडचा, पायांत ऊसतोडीच्या फडातली माती नसली तरी टाचांना भेगा होत्या. एक आई परभणीची. कुणाच्या लेकराला काय विचारतात हे आम्हाला कुणालाच कळत नव्हतं. पण सगळ्यांचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती, मी दुरूद पढत होते. टपरीवाल्यानं आम्हाला दुसरा चहा न मागता दिला.

सव्वा तासानं लेक आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी काही विचारलं नाही. बसस्टॉपवर तिनं आपणहून सांगायला सुरुवात केली. स्ट्रिंग उलटी करा, हे याही वेळी विचारलंच. तिनं लिहिलं. मग म्हणाली, “सर, यात मराठी शब्द टाकला तर हे चुकेल.” त्यांनी विचारलं, का? तिनं फळ्यावर पाच आकडे लिहून दाखवले. पुढची दहा मिनिटं ते दोघं त्यावरच बोलत होते. त्यानंतर नेटवर्कचं काहीतरी विचारलं, ते तिला आलं नाही. “मैं बोली, माहीत नै, पर ऐसा ऐसा ढूंढूंगी.” आणखी एक प्रश्न तिनं अर्धवट सोडवला. आवाज थांबला का, मी विचारलं. “नै अम्मी. एक बार भी नै.”

हे मी निकाल यायच्या आधी लिहिते आहे आणि ते मुद्दाम. निकाल आला की या दीड महिन्याची एकतर यशोगाथा होईल, नाहीतर सबर करण्याचा उपदेश. ती नोकरी मिळावी अशी दुआ रोज करते, खोटं कशाला बोलू. घरात त्या पगाराची गरज आहे. गॅरेजचं भाडं वाढलंय आणि धाकटा पुढच्या वर्षी बारावीला जाईल. पण चार माणसांसमोर माझी लेक बोलत राहिली, एवढं तर झालंच आहे. ते आता कुणी परत घेऊ शकत नाही.

ज्या आया मला फोन करतात त्यांना मी एवढंच सांगते. तुम्हाला विषय येत नाही म्हणून मागं हटू नका. विषय न येणारा, पण मन लावून ऐकणारा माणूस त्या वेळी फार उपयोगी असतो. पोरीला समोर बसवा, प्रश्न वाचा आणि म्हणा, मला समजेल असं सांग. अभ्यासाचं साहित्य फुकट मिळतं. आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं मोबाइलवर दिसतात. मिळत नाही ते घरात रोजचं अर्ध्या तासाचं ऐकणारं माणूस.

काल मगरीबनंतर दार वाजलं. गल्लीतलीच एक मुलगी, आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेली. अप्रेंटिसशिपच्या मुलाखतीला जायचंय म्हणाली. “आपा, मेरेकू भी पूछते क्या?” मी म्हटलं, ये, बस. लेकीनं स्टूल पुढं सरकवलं आणि फोनवर सहा मिनिटांची वेळ लावली.